लॅपटॉप घेताना दोन-तीन वर्षं वापरलेल्या माणसाला विचारा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात 'इंजिनिअरिंगला जाताना कोणता लॅपटॉप घ्यावा' असा लेख येतो, यंदाही आला. लेख वाईट नाही, पण त्यात जे असतं ते सगळं लाँचच्या दिवशी कंपनीने सांगितलेलं, प्रोसेसर कुठला, रॅम किती, वजन किती. मी एका पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो, पोरांचे लॅपटॉप बिघडले की दुकानात जायच्या आधी माझ्या टेबलावर येतात, आणि तिथे जे दिसतं त्यातलं काहीच या लेखात नसतं म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त येतो तो हिंजचा, म्हणजे झाकणाच्या बिजागरीचा प्रॉब्लेम. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हिंज धातूचा असतो पण तो कसलेला असतो प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांवर. वर्ष-दोन वर्षांत हिंज कडक होतो, पोरं एका कोपऱ्याला धरून झाकण उघडतात, आणि एक दिवस कट्ट आवाज येऊन नटासकट प्लास्टिक उखडतं. मग कोपऱ्यात फट दिसायला लागते, तसंच उघड-बंद करत राहिलं की स्क्रीनला तडा जातो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात हे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, आणि बाहेरचा मेकॅनिक अराल्डाइट लावून देतो. आता हे कुठल्या स्पेसिफिकेशनमध्ये सापडणार सांगा? पण तोच लॅपटॉप दोन वर्षं वापरलेल्या पोराला विचारा, तो आधी हेच सांगेल. पुढच्यास ठेच मागचा शहाणा असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

लोक म्हणतात आम्ही ऑनलाइन रिव्ह्यू वाचूनच घेतो. वाचा ना, जरूर वाचा, पण कधीचा रिव्ह्यू आहे ते आधी बघा. पाच स्टारवाले बहुतेक पहिल्या आठवड्यातले, नव्याचे नऊ दिवस चालू असतात, आणि एक स्टारवाल्यांतले कितीतरी डिलिव्हरी उशिरा आली, बॉक्स फाटला होता म्हणून चिडलेले. कामाचं असतं ते दोन-तीन स्टारवाल्यांत, 'आठ महिन्यांनी लिहितोय' अशी सुरुवात असलेल्यांत. शिवाय शॉपिंग साइटवर एकाच पानावर चार-पाच व्हेरिएंट असतात आणि सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र दिसतात, म्हणजे कौतुक १६ जीबीवाल्याचं वाचायचं आणि कार्टमध्ये ८ जीबीवाला टाकायचा. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक म्हणूनच आलं, त्यामुळे डोळे आपलेच उघडे ठेवावे लागतात.

नावावर तर अजिबात जाऊ नका. एएमडी कंपनीचे दोन प्रोसेसर बघा, रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दुकानदार दोन्हीला 'रायझन फाइव्ह, सेव्हन थाउजंड सिरीज' म्हणतो, पण पहिला चार कोरचा आणि झेन २ या जुन्या डिझाइनवर बनलेला, दुसरा सहा कोरचा, त्यानंतरच्या झेन ३ वर. वर ७५२०यू सोबतची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, पुढे वाढवायची म्हटली तर नाही वाढत. म्हणून कुणी 'माझा मस्त चालतोय' म्हटलं तर लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर बघा, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच मशीनचं कौतुक ऐकून येताय.

आणि विचारायचं कसं हे पण महत्त्वाचं आहे. 'कसा आहे?' विचारलं तर जो तो 'चांगलाय' म्हणणार, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूला कोण नावं ठेवतं. त्यापेक्षा विचारा की आत्तापर्यंत काय काय बदललं, सर्व्हिस सेंटर कुठे होतं, पार्ट यायला किती दिवस लागले, कीबोर्ड गेला तेव्हा नुसता कीबोर्ड मिळाला की अख्खा वरचा भाग घ्यावा लागला. बॅटरीचं तर तोंडी विचारायचीही गरज नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) टाइप केलं की एक फाइल बनते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि आताची फुल चार्ज कपॅसिटी दोन्ही लिहिलेल्या असतात. पहिला आकडा ४१ हजार आणि दुसरा २५ हजार दिसला तर मालक काहीही म्हणो, बॅटरी किती टिकली ते तुम्हाला कळलं.

यावर आमच्या लॅबमध्येच एक पोरगी म्हणाली की सर, तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल आता मिळतंच कुठे. बरोबर आहे तिचं, स्पीडचा जुना अनुभव आज कामाचा नाही. पण कंपन्या बॉडी दरवर्षी बदलत नाहीत, पुष्कळदा दोन-तीन वर्षं तेच हिंज, तोच कीबोर्ड ठेवून आतला प्रोसेसर फक्त नवा टाकतात, आणि सर्व्हिस सेंटर तर तेच असतं, म्हणून त्या बाबतीत जुन्या मालकाचं ऐकावंच. फक्त एकाच्या तक्रारीवरून मॉडेल बाद करू नका, एखादा पीस खराब निघू शकतो. एकमेकांना न ओळखणारे तिघे-चौघे त्याच भागाबद्दल तेच बोलले तर मात्र तो लॅपटॉप घेऊ नका.

अजून एक, अनुभव शक्यतो आपल्या भागातल्या माणसाचा घ्या. एसी खोलीत बसून केलेल्या व्हिडिओत फॅनचा आवाज कमी वाटतो, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि खोलीत नुसता पंखा, तिथे तोच प्रोसेसर गरम होऊन स्वतःचा स्पीड कमी करतो. कोकणात दमट हवेचा वेगळाच त्रास. आणि ऑनसाइट वॉरंटी लिहिली म्हणजे माणूस तालुक्याला घरी येईलच असं नाही, पिनकोड सांगून आधी विचारून घ्या.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून जुनी मशीन बदलणाऱ्यांचीही भर पडलीये, आणि यातल्या कित्येक घरांत लॅपटॉप म्हणजे वडिलांचा दोन-तीन महिन्यांचा पगार असतो, हप्ते संपायच्या आत मशीन मोडली की त्या पोराचा चेहरा बघवत नाही. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीला किती सोपा याचे दहापैकी गुण छापतात, मुलांना निदान काहीतरी दिसतं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वर्षी त्या लेखाशेजारी अर्धं पान वाचकांच्या अनुभवाला द्या. पूर्ण मॉडेल नंबर, कधी घेतला, कुठल्या गावात वापरला, काय बिघडलं, दुरुस्तीला किती पैसे आणि किती दिवस गेले, बस इतकंच छापा. आमच्या पोरांचे अनुभव मी स्वतः लिहून घेऊन मार्चपर्यंत तुमच्या ऑफिसला पाठवतो.

आपला,
एक वाचक, अकोला