वरच्या मजल्यावरच्या मुलीला, पार्लरवाल्या काकूंकडून

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नाव घालू नका असं तू बजावलंस, म्हणून घालत नाही. पण पत्र चारचौघांत लिहितेय, कारण हाताला खाज सुटली की साबण बदलून गप्प बसणाऱ्या बायका मी पार्लरमध्ये बावीस वर्षं बघतेय. त्यातली एक मीच होते.

दिवाळीच्या गर्दीत बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या. थ्रेडिंगचा दोरा ताणला की डोळ्यांतून पाणी यायचं. कशाची ॲलर्जी आहे ते बघायला मिरजेच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, मग पट्ट्या काढायच्या, आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा दाखवायची. दोन जागी चट्टे उठले. एक केसांच्या डायमधल्या पॅराफेनिलिनडायमिनचा, म्हणजे पीपीडीचा. दुसरा मिथाइलआयसोथायाझोलिनोनचा, म्हणजे शाम्पू-लोशन टिकावं म्हणून घालतात त्याचा. चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहून डॉक्टर म्हणाले, यांच्यापासून लांब राहा.

लांब राहायचं तर आधी ओळखता यायला हवं! तू आयब्रो करायला आलीस तेव्हा मी भिंग घेऊन शाम्पूच्या बाटलीशी झटत होते. मुंगीएवढी अक्षरं, त्यात तेलकट बोटांनी निम्मी पुसलेली. "काकू, हे माणसाचं काम नाही, द्या इकडे," म्हणालीस आणि एक आयब्रो अर्धी असताना फोटो काढत बसलीस. परीक्षा तोंडावर असूनही पंधरा दिवसांत तू बनवलेल्या तपासयादीची लिंक आली. आपल्याला काय चालत नाही ते एकदा निवडायचं, बाटलीवरची यादी टाकायची, नको ते लाल होतं.

पहिल्या दिवशी मात्र निम्मं पार्लर लाल झालं होतं, आठवतंय ना? माझ्या मदतनीस मुलीला लॅनोलिन, म्हणजे लोकरीतून काढलेला मेणासारखा पदार्थ, चालत नाही म्हणून 'लॅनोलिन अल्कोहोल' निवडलं, तर जिथे अल्कोहोल शब्द दिसेल ते सगळं लाल! क्रीम घट्ट करणारं बिचारं सेटिअरिल अल्कोहोलसुद्धा. तू रात्री दुरुस्त केलंस.

खरी गंमत मला नावांची वाटते. एका वहिनींना फॉर्मल्डिहाइड चालत नाही. त्या बाटलीवर तोच शब्द शोधायच्या, दिसला नाही की निर्धास्त. तुझ्या यादीनं त्यांच्या कंडिशनरमधलं डीएमडीएम हायडँटॉइन लाल केलं आणि खाली सांगितलं की यातून फॉर्मल्डिहाइड हळूहळू सुटतं. क्वाटर्नियम-15, डायझोलिडिनिल युरिया ही त्याच घरातली मंडळी. त्या वहिनी बराच वेळ बाटलीकडे बघत राहिल्या.

माझंही तेच झालं. 'संवेदनशील त्वचेसाठी' असं ठळक छापलेलं लोशन मी भेगांवर दिवसातून तीनदा चोळत होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आत तेच मिथाइलआयसोथायाझोलिनोन. अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये ते घालायला युरोपात 2017 पासून बंदी आहे, हे मला तुझ्या टिपेतून कळलं. तिथे शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूंतही दहा लाखांत 15 भागांपलीकडे चालत नाही. आणि 'पीपीडी नाही' लिहिलेल्या डायवर तू पिवळा दिवा लावलास, कारण त्यात टोल्युइन-2,5-डायमिन होतं. पीपीडी न चालणाऱ्या बऱ्याच जणांना तेही सोसत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे.

जे छापलेलंच नाही ते तुझी यादी कुठून पकडणार, हे तू स्वतःच वर लिहून ठेवलंस, ते मला फार आवडलं. बाजारातल्या मेहंदीच्या सुट्या कोनांवर कसलीच यादी नसते. निव्वळ मेहंदी काळी रंगत नाही, तासाभरात काळीभोर होत असेल तर पीपीडीची शंका घ्यावी, एवढं मी गिऱ्हाइकांना तोंडीच सांगते.

आता भेगा भरल्यात. डायचं काम मदतनीस मुलगी करते, मी नायट्राइलचे हातमोजे घालून बाकीचं. परीक्षा संपली की केस कापायला ये. पैसे घेणार नाही, वाद घालू नकोस.

तुझी,
पार्लरवाली काकू

ता. क. काळ्या मेहंदीच्या एका पाकिटावर पूर्ण नाव नाही, नुसतं 'पीपीडी' छापलंय. तुझ्या यादीनं ते सोडून दिलं. पाकीट तुझ्या दाराच्या कडीला अडकवलंय.