तारीख कशासाठी आहे, हे पक्षकाराला कळू द्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ हे माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना शंभरदा ऐकवले असेल. तरी २०१६ साली मला ती चढावी लागली. चुलतभाऊ दर नांगरटीला सामाईक बांध कोरत होते आणि माझी जमीन तास-तास (नांगराची एकेक रेघ) करून त्यांच्या वावरात जात होती. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तेव्हापासून महिन्या-दीड महिन्याने तारीख आणि एसटीची फेरी. घरी आल्यावर ‘काय झाले?’ असे विचारले की माझे उत्तर ठरलेले, ‘पुढची तारीख मिळाली.’

प्रत्येक तारखेला एक काम नेमलेले असते, हे मला फार उशिरा कळले. दोन वर्षांपूर्वी नातीने माझ्या मोबाइलवर ई-कोर्ट्सचे ॲप घालून दिले. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की मागच्या तारखा आणि कोणती तारीख कशासाठी होती, हे समोर येते. माझ्या दाव्यात सुरुवातीच्या सलग पाच तारखांपुढे एकच शब्द होता, ‘स्टेप्स’. मला वाटले, कोर्टाचे काही चालले असेल. वकिलांना विचारले तेव्हा समजले, पावले मीच उचलायची होती. प्रतिवादींपैकी एकजण पुण्याला राहायला गेला होता, पण दाव्यात त्याचा पत्ता गावचाच दिला होता. बेलिफ गावी यायचा, ‘इसम या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून समन्स परत न्यायचा. नवा पत्ता देऊन समन्सची फी भरावी म्हणून कोर्ट वेळ देत होते. त्या पाचही तारखांना मी हजर होतो आणि पुण्याचा पत्ता माझ्या खिशातल्या वहीत होता. सात महिने गेले. आठवले की अजून जीव तळमळतो.

असेच ‘निशाणी ५’ चे. तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला आपल्याकडच्या कोर्टात सहसा हा क्रमांक पडतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत समोरच्याने अमुक करू नये, एवढीच मागणी त्यात असते. माझा तो अर्ज नामंजूर झाला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले की गुरुजी दावा हरले. दावा तर नुकता सुरू झाला होता. मुद्दे, म्हणजे कोर्टाने ठरवायचे प्रश्न, निघायचे होते, पुरावा व्हायचा होता. पण त्या एका बातमीने बायको आठ दिवस धड जेवली नाही आणि मीही दावा काढून घेण्याच्या विचाराला आलो होतो.

आमच्या तालुक्याला एकच न्यायाधीश आहेत. तेच दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, आणि तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. बांधाचे, वाटपाचे, भाडेकरूचे दावे त्यांच्यापुढे; मारामारी, चोरी, धनादेश न वटल्याचे खटले आणि पोटगीचे अर्जही त्यांच्यापुढे. फौजदारीत त्यांना तीन वर्षांपर्यंतची शिक्षा देता येते. खुनासारखे खटले त्यांच्याकडून पुढे सत्र न्यायालयाकडे जातात.

माझी उलटतपासणी होती तो दिवस मला लख्ख आठवतो. पुकारा झाला, मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ झाली. समोरच्या वकिलांनी तिसराच प्रश्न विचारला होता, ‘बांधावरची बाभूळ कोणत्या अंगाला होती?’ तेवढ्यात पोलीस तीन पोरांना घेऊन आले. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते, त्यामुळे माझे काम थांबले. साहेबांनी एकेका पोराला विचारले, ‘पोलिसांनी मारहाण केली का? वकील दिला आहे का?’ सर्वांत धाकटा विशीचाही नसेल. त्याची आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ते आटोपते तोच एका महिलेचा जबाब नोंदवायचा म्हणून साहेब आत गेले आणि दार बंद झाले. साडेचार वाजता मला पुढची तारीख मिळाली. त्या दिवशी मी फार चिडलो होतो. आज मला मनापासून वाटते, त्या पोराला विचारलेले दोन प्रश्न माझ्या बाभळीपेक्षा निकडीचे होते. पण हे काम माझ्या दाव्याच्या आधी का घेतले, एवढे एक वाक्य मला कोणी सांगितले असते तर मी घरी जाऊन कोर्टाला शिव्या दिल्या नसत्या.

न्यायाधीश कमी आहेत, हे तर आहेच. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ साली केली होती. त्याच्या निम्म्यावरही आपण अजून पोचलेलो नाही. ते माझ्यासारख्याच्या हातात नाही. पत्ता, फी, मोजणी या गोष्टी मात्र हातातल्या होत्या.

मोजणीचेच पाहा. बांध कोणाचा सरकला, हे साक्षीदारांच्या तोंडून ठरत नाही, त्याला नकाशा लागतो. म्हणून न्यायालयाने भूमी अभिलेखच्या मोजणीदाराला कोर्ट कमिशनर नेमले. पहिल्या वेळी शेतात तूर उभी, पुढे पाऊस, मग त्या मोजणीदाराची बदली. अहवाल यायला चौदा महिने लागले. तोवरच्या सगळ्या तारखा ‘अहवालाकरिता’ होत्या आणि तो नसताना न्यायाधीशांना पुढे काही करता येत नव्हते. अहवालानंतर समोरच्या बाजूने चार वेळा मुदत मागितली. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. फारच अपरिहार्य कारण असेल तर न्यायालय पाहते, ती गोष्ट वेगळी. पण मला हे ठाऊकच नव्हते, मग मी वकिलांना हरकत घ्यायला सांगणार कसा?

पायरीवर एक मावशी नेहमी दिसायच्या. वडिलांच्या जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून त्यांनी वाटपाचा दावा केला होता आणि तो जिंकलाही होता. तरी दर बाजारच्या दिवशी त्या हुकूमनाम्याची नक्कल पिशवीत घेऊन कोर्टात येत, ‘जमीन कधी मिळायची?’ म्हणून विचारायला. शेतसाऱ्याच्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. त्यांचे कागद केव्हाच महसुलाकडे गेले होते. मी त्यांना रस्त्यापलीकडच्या तहसील कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने फाइल काढली. मोजणी फी भरण्याचे पत्र त्यात तसेच पडून होते. सहा महिने मावशी भलत्याच दारात बसल्या होत्या.

मराठी ही जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा ठरवणारी अधिसूचना १९९८ साली निघाली. तरी ॲपवर आणि वकिलांच्या डायरीत ‘से’ (समोरच्याचे म्हणणे), ‘स्टेप्स’, ‘अनरेडी’ (सुनावणीला तयार नसलेला दावा) हेच शब्द आहेत. तारीख देताना पक्षकाराच्या हातात दोन ओळींची मराठी चिठ्ठी द्यावी : पुढच्या वेळी काय काम आहे, आणि ते कोणी करायचे आहे. शिरस्तेदारांवर हा बोजा नको असेल तर तालुका विधी सेवा समितीचे स्वयंसेवक कोर्टाच्या आवारात बसू शकतात. याच समितीमार्फत महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. मावशींना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी वकिलांच्या फीपायी दोन शेळ्या विकल्या.

आपल्या दैनिकात बाजारभाव येतात, धरणाचा पाणीसाठा येतो. आठवड्यातून एकदा कोर्टातल्या एका शब्दाचा अर्थ छापता येईल का? सुरुवात ‘स्टेप्स’पासून करावी, अशी माझी विनंती आहे.

माझ्या दाव्याची पुढची तारीख युक्तिवादासाठी आहे. वाद भावकीतला आणि न्यायप्रविष्ट असल्याने माझे व गावाचे नाव छापू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक