मी चालत येते, तुम्ही सावकाश या

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे सगळं बोलता येत नाही. बाबा, तुम्हाला नीट ऐकू आलं नाही की तुम्ही नुसतं ‘बरं बरं’ म्हणता आणि आई मागून ‘काय म्हणते ती?’ विचारत राहते. त्यात रविवारी तुम्ही मुद्दाच असा काढलात की माझी पंचाईत झाली. ‘तू नेपाळच्या ट्रेकमध्ये थोरांगची खिंड ओलांडून मुक्तिनाथलाच उतरणार ना, मग आम्हीही मावशीच्या यात्रेबरोबर तिथे येतो.’ मी लगेच हो म्हटलं नाही याचं आईला वाईट वाटलं असणार. तुम्ही तिथे भेटलात तर मला हवंच आहे. पण मावशीने यात्रेचा कार्यक्रम व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तो वाचून मलाच धडकी भरली. म्हणून हे लांबलचक पत्र. दोघांनी मिळून वाचा, आणि बाबा, चष्मा लावून.

आधी माझं सांगते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल.

काठमांडूहून बेसीसहर, तिथून जीपने धारापानी, आणि तिथून पायी. धारापानी साधारण १,९०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक तिथल्या नदीकाठच्या गावापेक्षा खाली. पुढे मर्स्यांग्दी नदीच्या कडेकडेने चामे, मग वरचं पिसांग (३,३०० मीटर), मग मनांग (३,५४०). मनांगला पोचलं की पुढे पळायचं नाही. तिथे जादा मुक्काम. दिवसा वर चढून यायचं आणि झोपायला खाली. मग याक खर्क, ४,०५० मीटर. मग थोरांग फेदी, ४,४५०. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघून ५,४१६ मीटरची खिंड. इतक्या पहाटे अशासाठी की उन्हं वर आली की खिंडीत वारा सुटतो. तिथून पलीकडे सोळाशे मीटरहून जास्त उतार, तो थेट मुक्तिनाथला. खरं सांगायचं तर मला त्या चढाची नाही, उताराची धास्ती आहे. माझे गुडघे तुमच्यावर गेलेत, बाबा.

हे सगळं असं हळूहळू का, तर तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून फार वर असू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा, असा नियम आहे. मला आलेल्या दरपत्रकांत एक चांगलंच स्वस्त होतं. नीट पाहिलं तर त्यात मनांगचा जादा मुक्कामच गाळलेला. तेवढे दिवस वाचले की तेवढे पैसे वाचतात, दुसरं काय! ते बाद केलं.

गाईड तर घ्यावाच लागतो. एप्रिल २०२३ पासून नेपाळच्या पर्यटन मंडळाने परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सक्तीचा केलाय. पण सक्ती नसती तरी घेतला असता. आमच्या गाईडशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. त्याला विचारलं, मला बरं वाटत नसेल आणि तरी मी पुढे जायचा हट्ट धरला तर? तो हसलाबिसला नाही. म्हणाला, ‘दिदी, तब मैं पूछूँगा नहीं, नीचे ले जाऊँगा.’ त्या वाक्यावर मी पैसे भरले.

बाबा, तुम्ही ऑक्टोबर २०१४ ची ती बातमी पाठवलीत. ती मी आधीच वाचली होती, फक्त तुम्हाला सांगितली नव्हती. विशाखापट्टणमला धडकलेलं हुदहुद चक्रीवादळ विरत विरत उत्तरेला गेलं आणि १४ तारखेला थोरांगच्या परिसरात बर्फ होऊन कोसळलं. किमान ४३ माणसं गेली, त्यात ट्रेकर्स होते तसे गाईड आणि स्थानिकही होते. ऑक्टोबर हा तिथला सगळ्यात चांगला महिना मानतात, तरी हे झालं. त्यामुळे ‘असं काही होत नाही हो’ असं मी तुम्हाला म्हणणार नाही. आमच्या कार्यक्रमात मोकळे दिवस ठेवलेत. बंगालच्या उपसागरात काही शिजत असल्याची बातमी आली तर आम्ही मनांगलाच बसून राहू. परतीचं विमान चुकलं तर चुकलं.

तयारी म्हणाल तर आठवड्याला सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक. एका काकांनी विचारलं, ‘घर बदलताय का?’ वर जाऊन भजी न खाता नुसतं ताक पिऊन मी खाली उतरते, यावर आईचा विश्वास बसणार नाही. नवे बूट याच वाटेवर मऊ करून घेतले. हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, ते आता ठीक आहे. स्ट्रेस टेस्टही झाली. विमा घेताना हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आणि सहा हजार मीटरपर्यंतचं ट्रेकिंग, दोन्ही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे ना ते बघून घेतला. साध्या प्रवास विम्यात इतक्या उंचीवरचं ट्रेकिंग बरेचदा वगळलेलं असतं.

पण सिंहगड कितीही वेळा चढला तरी उंचीची सवय होत नाही. पाय तयार होतात, छाती तयार होते, उंची वेगळीच. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. थोरांगला तो समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात आत जाणारा ऑक्सिजनही जवळपास निम्मा. शरीर हे जमवून घेतं, श्वास वाढवतं, लघवी जास्त होते, पण त्याला दिवस लागतात. धडधाकट तरुण पोरं तिथे आडवी होतात ती अशक्त असतात म्हणून नाही, भराभर चढतात म्हणून.

डोकं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती असेपर्यंत वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला पायाचा अंगठा लावत सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर मध्यरात्र असली तरी खाली उतरायचं. फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज, दोन्हींवर खरा उपाय खाली उतरणं हाच. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे. हंगामात तिथले डॉक्टर रोज दुपारी ट्रेकर्सना याच विषयावर माहिती देतात, तिथे आम्ही जाणार आहोत.

आणि ते कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर. मी ते नेणार आहे, पण आकडे तुम्हाला कळवणार नाही. ९४ च्या खाली गेलं की अँब्युलन्स, हे आपल्या डोक्यात २०२१ मध्ये इतकं पक्कं बसलंय की मी फेदीहून ‘८२’ असं लिहिलं तर तुम्ही चिपळूणहून हेलिकॉप्टर मागवाल. त्या उंचीवर ८२ हा नेहमीचा आकडा आहे. आकड्यापेक्षा माणूस जेवतोय का, नीट बोलतोय का, हे बघायचं असतं.

आता तुमचं. या भागासाठी आईने वाचायचा चष्मा पुसून घ्यावा.

यात्रेच्या कागदावर लिहिलंय, ‘पहाटे पोखरा सोडणे, रात्री मुक्तिनाथ मुक्काम.’ पोखरा साधारण ८२० मीटरवर आणि मुक्तिनाथ पावणेचार हजारांवर. म्हणजे एका दिवसात, जीपमध्ये बसून, तुम्ही जवळजवळ तीन हजार मीटर चढणार! तेवढं चढायला मी दिवसच्या दिवस चालणार आहे. गाडीत बसलं की दम लागत नाही, त्यामुळे काही कळतही नाही. त्रास सुरू होतो तो पोचल्यावर सहा ते बारा तासांनी. म्हणजे नेमका रात्री, थंड खोलीत, यात्रेतले सगळे झोपलेले असताना. बाबा, तुम्ही माझी काळजी करताय, पण हिशोब मांडला तर खिंड ओलांडणाऱ्या माझ्यापेक्षा जीपने येणाऱ्या तुम्हालाच जास्त धोका आहे. वय ऐंशीकडे झुकलंय किंवा बीपी आहे म्हणून नाही. मावशीबरोबर येणाऱ्या तिच्या सुनेलाही तोच.

म्हणून तुमच्यासाठी वेगळी जीप करूया. मी बोलून ठेवलंय. पहिल्या दिवशी पोखऱ्याहून बेनीमार्गे तातोपानीपर्यंतच, ते जेमतेम १,२०० मीटरवर आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, आईचे पाय शेकून निघतील. दुसऱ्या दिवशी मार्फा. हे २,६७० मीटरवरचं पांढऱ्या चुन्याच्या भिंतींचं, सफरचंदांच्या बागांचं गाव. तिथे दोन रात्री राहायचं, हिंडायचं, काही करायचं नाही. मग सकाळी लवकर मुक्तिनाथ, दर्शन, आणि जेवायला परत खाली. वर झोपायचंच नाही. आपल्या देवघरातला शाळिग्राम ज्या नदीतून आला ती काळीगंडकी जाता-येता उजव्या-डाव्या हाताला दिसत राहील, एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा. पोखरा ते जोमसोम विमानही आहे, पण त्या दरीत दुपारपर्यंत इतका वारा सुटतो की विमानं फक्त सकाळी उडतात आणि ढग आले की तीही रद्द. शिवाय वीस-पंचवीस मिनिटांत २,७०० मीटरवर उतरायचं, त्यापेक्षा रस्ताच बरा.

मंदिराच्या मागे बैलाच्या तोंडाच्या आकाराच्या १०८ धारा आहेत. लोक त्यांच्याखालून धावत अंघोळ करतात आणि मग समोरच्या दोन कुंडांत बुडी. बाबा, मला तुम्ही माहीत आहात, म्हणून आत्ताच लिहिते: हे करायचं नाही. ऑक्टोबरात ते पाणी अंगावर घेतलं की छातीत कळ यावी इतकं गार असतं. डोक्यावर शिंपडा, पुण्य तेवढंच. गाडी थांबते तिथून मंदिरापर्यंत चढ आहे, त्याला घोडा करा आणि लाजू नका. ज्वालामाईच्या देवळात जमिनीतल्या वायूची ज्योत सतत तेवत असते, तीही बघून घ्या. बौद्धांनाही ही जागा तेवढीच पवित्र आहे, त्यामुळे तिथे भिक्षुणी दिसल्या तर आईने ‘आपलंच देऊळ आहे ना हे?’ असं मोठ्याने विचारू नये.

डॉक्टरांकडे मंगळवारची वेळ मी घेतली आहे. त्यांना तीन गोष्टी विचारा, कागदावर लिहून न्या. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, आणि असेल तर तिथे काय करायचं. बाबा रात्री झोपेची अर्धी गोळी घेतात, ती उंचीवर चालेल का. माझ्या डॉक्टरांनी तर मला असल्या गोळ्या सक्त मना केल्यात, कारण त्यांनी झोपेत श्वास मंदावतो. आणि डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी, घ्यायची का. मला १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगितलीय, तिने बोटांना मुंग्या येतात. पण माझं बघून तुम्ही घेऊ नका. आईला सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं ते आठवणीने सांगा. मार्फ्याला झोपेत बाबांचा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटला आणि मग जोरात सुरू झाला तर आईने घाबरून उठवू नये. उंचीवर असं बऱ्याच जणांचं होतं. डोकेदुखी किंवा धाप असेल तर मात्र लगेच गाडी काढून तातोपानीला खाली.

खाऊचं. पोर्टरकडे द्यायची माझी बॅग दहा किलोंची. मी आणि माझ्याबरोबर येणारी, आम्हा दोघींत एक पोर्टर, त्याच्या पाठीवर दोघींचं मिळून वीस किलोंहून जास्त टाकायचं नाही असं आम्ही ठरवलंय. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजेही तोलून बघते आहे. तेव्हा आई, तुझ्या यादीतली लोणच्याची बरणी बाद, तिखटमिठाच्या पुऱ्या काठमांडूपर्यंतच. गूळपापडी थोडी दे, खिशात ठेवून चालता चालता खाता येते. आणि मेतकूट दे. तिथे दोन वेळा डाळभात मिळतो, हवा तितका वाढतात, पण वर गेल्यावर भूक मरते आणि तेव्हा ओळखीची चव असली तर चार घास जास्त जातात. तिथले लोक लसणाचं सूप पाजतात, उंचीवर गुणकारी म्हणे. गुणाचं काही असो, गरम असतं.

मनांगच्या पुढे फोनचा भरवसा नाही. नेपाळ टेलिकॉमचं सिम घेईन, मिळेल तिथून दादाला एक ओळ टाकीन, आणि दादा तुम्हाला सांगेल. मला थेट फोन लावत बसू नका, बॅटरी थंडीत भराभर उतरते. एक-दोन दिवस निरोप आला नाही तर काही झालं असं धरू नका. गाईडचा आणि काठमांडूच्या ऑफिसचा नंबर दादाकडे आहे. आणि ठरलेल्या सकाळी मी मुक्तिनाथला दिसले नाही, तर मी फेदीला किंवा मनांगला थांबले आहे असं समजून दर्शन करून मार्फ्याला परत जा. माझी वाट बघत वर मुक्काम करायचा नाही. हे कबूल असेल तरच या, एवढी एक अट.

विमानाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, मोठ्यांपैकी आधार कार्ड फक्त पासष्टीच्या पुढच्यांना. बाबांचा पासपोर्ट संपलाय, तेव्हा दोघांची मतदार कार्डं काढून ठेवा आणि त्यावरचं नाव तिकिटावर जसंच्या तसं येईल असं बघा. मावशीला मी समजावते. तिची सूनही आपल्या जीपमध्ये आली तर उत्तमच. डॉक्टर काय म्हणाले ते मंगळवारी रात्री कळवा. जीपवाल्याला बुधवारी आगाऊ रक्कम द्यायची आहे.

तुमची,
मनू