स्टुटगार्टच्या काकूंना पत्र

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण इथे हॅम्बुर्गला नव्याने आलेली मराठी कुटुंबं घराबद्दल, शाळेबद्दल, स्वयंपाकाबद्दल विचारायला लागली की माझं उत्तर दर वेळी "आमच्या स्टुटगार्टच्या काकू सांगायच्या" असंच सुरू होतं. तुमचं देणं इतक्या जणांपर्यंत पोचतंय, तर आभारही चारचौघांत मानावेत असं वाटलं.

आम्ही तुमच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा जर्मनीतलं रिकामं घर म्हणजे काय याची आम्हाला कल्पनाच नव्हती. स्वयंपाकघरात ओटा नाही, बेसिन नाही, कपाट नाही. भिंतीतून बाहेर आलेले नळाचे पाइप आणि वायरी, एवढंच. धाकटी कडेवर, थोरली बॅगेवर बसलेली. संध्याकाळी तुम्ही खाली आलात, हातात विजेची शेगडी आणि छोटा कुकर. "आज खिचडी लावा, बाकीचं उद्या बघू," म्हणालात. दुसऱ्या दिवशी खरोखरच बघितलंत. भिंतीच्या मापाचं महागडं स्वयंपाकघर बनवून घेऊ नका, तुमच्या नोकऱ्या फिरतीच्या आहेत, सुटे कप्पे घ्या, म्हणजे पुढच्या घरात कसेही मांडता येतील, हा सल्ला तुमचाच. त्या कप्प्यांनी पुढे लाइपझिग पाहिलं, आता हॅम्बुर्ग पाहतायत.

अनामत रकमेचंही तसंच. तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी रक्कम एकदम कुठून आणायची, या विचाराने आमची झोप उडाली होती. इथल्या कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क असतो, हे तुम्ही सांगितलंत. त्या एका वाक्याने आमचा पहिला महिना तरून गेला.

पण काकू, मला सगळ्यात मोठे आभार मानायचेत ते ब्युर्गरब्युरोमधल्या, म्हणजे नागरिकांच्या नोंदणी कचेरीतल्या, त्या सकाळचे. नव्या घरात आल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करावी लागते. घरमालकाचं लेखी पत्र लागतं, आणि त्या नोंदणीवाचून कराचा क्रमांक, बँकेचं खातं, बालवाडी, सगळंच अडतं. मला वाटलं होतं, तुम्ही सोबत आहात तर तुम्हीच बोलाल. तुमचं जर्मन इतकं सुंदर. पण आदल्या दिवशी तुम्ही मला तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवून तीच चार वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलीत, आणि सकाळी ऑफिसात माझ्या मागच्या खुर्चीवर गप्प बसून राहिलात. मी अडखळले, तेव्हाही बोलला नाहीत. त्या क्षणी मला तुमचा थोडा रागही आला होता. बाहेर पडल्यावर म्हणालात, "पुढच्या गावात मी नसेन ना गं."

पुढच्या गावात तुम्ही नव्हतातच. लाइपझिगला ती खिडकी मी एकटीने गाठली. थोरलीच्या शाळेत गोवराच्या लसीचा पुरावा मागितला, २०२०च्या मार्चपासून तो शाळेत आणि बालवाडीत द्यावाच लागतो, तेव्हा तुम्ही लावून दिलेल्या निळ्या फायलीत तो कागद जन्मदाखल्याच्या प्रमाणित भाषांतराशेजारीच होता. मदत करणारी माणसं पुष्कळ भेटतात. आपली मदत लागू नये म्हणून इतके कष्ट घेणारं माणूस मला परदेशात तुमच्या रूपाने भेटलं.

स्वयंपाकातही तुमचा हाच हट्ट. सासूबाई घरचं तूप डब्यात भरून द्यायला निघाल्या होत्या, पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. मी हळहळत होते. तुम्ही मला दुकानात नेलंत आणि लोण्याच्या पाकिटांवरचे शब्द वाचायला शिकवलंत. गोड सायीचं लोणी वेगळं, विरजलेल्या सायीचं वेगळं. त्या दुसऱ्याचं, झावररामबुटरचं तूप कढवलं की आपल्या तुपाच्या जवळ जाणारा वास येतो. क्वार्क, म्हणजे इथलं दह्यासारखं मऊ ताजं चीज, कापडात रात्रभर टांगून ठेवला की त्याचा चक्का होतो, पण तो चाळीस टक्के स्निग्धांशाचा हवा, बिनसायीचा नको, नाही तर श्रीखंड रखरखीत होतं. कणकेसाठी पाकिटावर 'टाइप १०५०' लिहिलेलं गव्हाचं पीठ, शिऱ्यासाठी मऊ गव्हाचा रवा, पास्त्याच्या गव्हाचा नाही. उकडीच्या मोदकांसाठी आशियाई दुकानातलं तांदळाचं पीठ लाल अक्षरांचं घ्यायचं. शेजारी अगदी तसंच दिसणारं हिरव्या अक्षरांचं असतं, ते चिकट तांदळाचं, त्याची पारी हाताला चिकटून बसते. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं, आणि त्या वहीची पानं आता कितीतरी जणींच्या फोनमध्ये आहेत.

तुम्ही सत्तरच्या दशकात काकांबरोबर आलात, तेव्हा तुम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, पण तुमच्या गल्लीत हळद कुठे मिळते हे कोणाला ठाऊक नव्हतं, असं तुम्ही सांगायचात. एकेक पीठ, एकेक लोणी तुम्ही स्वतः करून पाहिलंत. ती इतक्या वर्षांची कमाई तुम्ही आमच्या हवाली केलीत, आणि कधी "आमच्या वेळी" म्हणून ऐकवलं नाहीत. मला हे फार मोठं वाटतं.

इमारतीतल्या माणसांशी ओळखही तुम्हीच करून दिलीत. आमच्या दाराला केअरवोखची पाटी पहिल्यांदा लागली, म्हणजे त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची, तेव्हा तुम्ही सुचवलंत की शनिवारी सकाळी झाडा, त्या वेळी सगळे घरी असतात, येता-जाता बोलणं होतं. तसंच झालं.

आणि मग थोरलीची सुटी. इथे शाळा प्रत्येक राज्याच्या ताब्यात, सोळा राज्यांची सुटीची वेळापत्रकं वेगवेगळी. स्टुटगार्टकडे उन्हाळ्याची सुटी जुलैच्या शेवटी लागते आणि सप्टेंबरपर्यंत चालते. लाइपझिगची शाळा ऑगस्टमध्येच सुरू झाली. मैत्रिणी तिकडे पोहायला जातायत आणि ही इकडे अनोळखी वर्गात, तिथल्या न कळणाऱ्या सॅक्सन बोलीच्या उच्चारांत. ती रोज रात्री रडायची. मोठ्यांच्या नोकरीपायी मुलांचं काय काय जातं याचा हिशोब आम्ही मांडलाच नव्हता, तुम्ही मांडला. फोनवर तिला म्हणालात, "तुझी उरलेली सुटी माझ्याकडे जपून ठेवलीय, शरदाच्या सुटीत येऊन घेऊन जा." ऑक्टोबरात तिला खरोखर बोलावून घेतलंत. जुन्या वर्गातल्या मैत्रिणींना शाळा सुटल्यावर घरी आणलंत, सगळ्यांना तिखटमिठाच्या पुऱ्या करून घातल्यात. परत आली ती वेगळीच मुलगी होती. स्टुटगार्ट आपल्याकडून कोणी काढून घेतलेलं नाही, हे तिला कळलं होतं. त्यानंतर तिने लाइपझिगला पहिली मैत्रीण केली.

निरोप नीट घ्यायचा, हेही तुमचंच. सामान बांधायच्या घाईत आम्ही शेजाऱ्यांना जिन्यातच 'येतो' म्हणून निघालो असतो. तुम्ही मुलींना प्रत्येक दारात नेलंत, वर्गासाठी पोस्टकार्डांवर नवा पत्ता लिहून घेतलात. आम्हाला गाडीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीत. लाइपझिग सोडताना मुलींनी आपणहून पोस्टकार्डं मागितली, आणि खालच्या बेकरीतल्या बाईंनाही एक दिलं.

काकू, तुमची तब्येत आता पूर्वीसारखी राहिली नाही, जिना चढताना थांबावं लागतं, हे काकांकडून कळलं. तुम्ही ते आम्हाला सांगणार नाही, हेही माहीत आहे. म्हणून विचारत नाही, कळवते: शरदाच्या सुटीत आम्ही चौघं येतोय. तिकिटं काढली आहेत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना रेल्वेच्या तिकिटावर नोंदवलं की मोठ्यांबरोबर प्रवास फुकट असतो, हेही तुम्हीच सांगितलेलं. धाकटीला तुमच्याकडून पुरणपोळी शिकायची आहे, मी इथूनच डाळ आणि गूळ आणते. त्या आठवड्यात जिन्याची पाळी तुमची असेल, तर पाटी आमच्याकडे द्या. डॉक्टरांकडे जायचं असेल तर मी सोबत येईन, आणि तुम्ही म्हणाल तर बोलेनही.

काकांना नमस्कार. मुलींचा आजीला गोड पापा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची