वजनाचा रकाना कोराच

संपादक महोदय,

हृदयविकाराच्या झटक्यानंतर बाबांना घरी सोडलं, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सगळं होतं. वजनाचा रकाना तेवढा कोरा. आम्ही धास्तावून तेल-मीठ तोडलं, बाबांनी भीतीपोटी जेवणच निम्म्यावर आणलं. ‘बारीक झालात, हृदयाला बरंच!’ असं येणारा-जाणारा म्हणायचा. (मीही म्हणाले होते.) दीड महिन्यात त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायला लागलं, चौथ्या पायरीवर पाय थरथरायला लागले. हृदयाचंच काही असेल म्हणून पुन्हा इको केला. तो होता तसाच. वजन मात्र ७२ वरून ६५ किलो!

सहा महिन्यांत नकळत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटणं ही कुपोषणाची खूण, हे आहारतज्ज्ञांकडून तेव्हा कळलं. हृदयाच्या जखमेचा व्रण घट्ट व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. नेमक्या त्याच काळात खाणं कमी पडलं, तर शरीर प्रथिनं स्वतःच्याच स्नायूंतून ओढतं. जाड माणसाचंही असं होतं, फक्त ते लवकर नजरेत येत नाही.

काय खाऊ नये याचा छापील कागद आम्हाला मिळाला होता. किती खायलाच हवं, हे त्यावर का नसावं?

– एक मुलगी