‘बांधली’ नव्हेत, कोरली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इथिओपियातील लालिबेलाच्या चर्चविषयी लेख आला. मराठी वर्तमानपत्रात या जागेवर अर्धे पान पाहून फार आनंद झाला. पण दोन विधाने मनाला इतकी लागली की पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. एक, ही चर्च ‘बांधली गेली’. दुसरे, ती कशी झाली हे आजही गूढ आहे आणि परग्रहवासीयांनी मदत केली असावी ‘असे काहींचे मत आहे’.

माझे वडील पाथरवट होते. जाती, पाटे, उखळी घडवायचे. पुढे मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली आणि त्यातली तीन वर्षे इथिओपियातील एका विद्यापीठात होतो. त्या काळात लालिबेलाला दोनदा गेलो. म्हणून थोडे अधिकाराने लिहितो.

लालिबेलात रचलेले असे फारच थोडे आहे. लास्ताच्या डोंगराळ मुलखात, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, लाल ज्वालामुखीजन्य खडकात अकरा चर्च आहेत. काही डोंगराला एका बाजूने चिकटलेली, काही गुहेसारखी आत कोरलेली आणि काही चारी बाजूंनी पूर्ण सुटी. सुट्या चर्चची रीत अशी: खडकात चौफेर खोल चर खणायचा, मधला ठोकळा तसाच राखायचा आणि मग माथ्यापासून घडवत खाली यायचे. आतूनही छत आधी, जमीन शेवटी. खांब उभे करायचे नसतात, ते शिल्लक ठेवायचे असतात. निघालेली खांड-कपची त्याच चरातून बाहेर वाहून न्यायची. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. आधी कळस, मग पाया. कैलास आठव्या शतकातले, लालिबेलाची चर्च परंपरेने झाग्वे घराण्यातील राजा गेब्रे मेस्केल लालिबेलाच्या नावावर, म्हणजे बाराव्या शतकाची अखेर आणि तेराव्याची सुरुवात. काही अभ्यासकांच्या मते यातला काही भाग त्याहून पुष्कळ जुना आहे. या दोन जागांचा एकमेकींशी संबंध होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. दोन्हीकडच्या कारागिरांना आपापल्या दगडानेच ही वाट दाखवली.

‘बेते मेधाने आलेम’ हे त्यातले सर्वांत मोठे. सुमारे 33 मीटर लांब, 23 मीटर रुंद, 11 मीटर उंच. त्याच्या बाहेरच्या रांगेतले काही खांब पडझडीनंतर डागडुजीत दगड रचून पुन्हा उभे केले आहेत. बांधकाम म्हणावे ते एवढेच. जुन्या खांबाशेजारी हा नवा खांब पाहिला, की घडवणे आणि रचणे यांतला फरक डोळ्यांना लगेच कळतो.

लेखकाची चूक होण्यासारखी आहे, हेही प्रांजळपणे सांगतो. ‘बेते अमानुएल’च्या भिंती पाहिल्या की कोणालाही ते बांधकामच वाटेल. भिंतीत आडवे पट्टे एकाआड एक पुढे-मागे सरकलेले, खिडक्यांना लाकडी चौकटीसारख्या कोपऱ्यांच्या चौकटी. प्राचीन अक्सुम राज्यात दगडाचे थर आणि मध्ये लाकडाच्या तुळया घालून इमारती बांधत. त्या बांधणीचे रूप या पाथरवटांनी अखंड खडकात उतरवले. सुताराचे काम टाकीने केले. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला आपण विश्वकर्मा किंवा सुतार लेणे म्हणतो, छताच्या लाकडी फासळ्या दगडात कोरल्या आहेत, तसेच हे. तिथे उभा असताना मला वडिलांची फार आठवण झाली. ते म्हणत, रचलेला चिरा चुकला तर काढून दुसरा बसवता येतो, कोरताना हात चुकला की चूक दगडातच राहते.

म्हणूनच परग्रहवासीयांची गोष्ट मला अपमानकारक वाटते. स्थानिक लोक सांगतात की दिवसा माणसे कोरत आणि रात्री देवदूत काम पुढे नेत. ‘बेते गियोर्गिस’ म्हणजे संत जॉर्ज यांचे चर्च; त्याच्या चरात त्यांच्या घोड्याच्या टापांचे ठसेही दाखवतात. ही त्यांची श्रद्धा आहे आणि तीत दिवसपाळीची माणसे शाबूत आहेत. परग्रहाच्या गप्पांत माणूसच उरत नाही. कैलासबद्दलही अशा चित्रफिती मोबाइलवर फिरतात. इथिओपियात आजही काही जण साध्या हत्यारांनी नवी चर्च खडकात कोरत आहेत. ज्या कामाचे हात अजून चालू आहेत, त्याला गूढ कसे म्हणायचे?

लेखात पाण्याचा उल्लेख नव्हता आणि खरी चिंता तीच आहे. हा दगड सच्छिद्र आहे आणि जून ते सप्टेंबर तिथे जोराचा पाऊस असतो. कोरणाऱ्यांनी पाण्याच्या निचऱ्यासाठी चर काढले होते. ते कित्येक शतके मातीने बुजले, विसाव्या शतकात मोकळे झाले; मधल्या काळात पाण्याने व्हायचे ते नुकसान झाले. युनेस्कोने 1978 मध्ये, आपल्या पहिल्याच बारा जागतिक वारसास्थळांत, लालिबेलाला घेतले. 2008 च्या सुमारास काही चर्चवर पोलादी खांबांची मोठी छत्रे उभारली गेली, तीही तात्पुरती म्हणून. चर्चवर पडणारा पाऊस अडला, पण त्या खांबांचा भार आणि वाऱ्यात होणारी हालचाल यांमुळे खालच्या खडकाला धोका होईल, ही गावकऱ्यांची तक्रार आहे. 2018 मध्ये त्यांनी मोर्चाही काढला. माझ्या मते ती तक्रार रास्त आहे. त्यानंतर युद्ध आले. ऑगस्ट 2021 ते त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत गाव कधी एका, तर कधी दुसऱ्या बाजूच्या ताब्यात जात राहिले, 2023 मध्ये पुन्हा चकमकी झाल्या. वाटाडे, खानावळवाले, खेचरवाले यांचे पोट पर्यटकांवर होते.

लेखासोबतचे छायाचित्र वरून घेतलेले होते, ‘बेते गियोर्गिस’चा क्रुसाच्या आकाराचा माथा आणि भोवती एकही माणूस नाही. ही जागा रिकामी नसते. तिथे रोज उपासना होते, दारात चपला काढाव्या लागतात. 7 जानेवारीला गेन्ना, म्हणजे त्यांचा नाताळ. पांढरी वस्त्रे पांघरलेले यात्रेकरू कित्येक दिवस पायी चालत येतात. सकाळी ‘बेते मरियम’च्या भोवतालच्या खडकाच्या कडेवर धर्मगुरूंची एक रांग, खाली अंगणात दुसरी; ढोल वाजतात आणि दोन्ही रांगा एकमेकींना उत्तर देत गातात, डोलतात. आषाढीच्या वाटेवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तिथे परके वाटले नाही.

कृपया ‘बांधली’ या शब्दाची दुरुस्ती छापावी, आणि पुन्हा कधी या विषयावर लिहाल तेव्हा गेन्नाच्या सकाळचे छायाचित्र घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, वाई