कार्डावरून पैसे गेले, तर तक्रारीची पोच तारीख-वेळेसह घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डेबिट किंवा क्रेडिट कार्डाची माहिती चोरून पैसे उडवल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. बहुतेक बातम्या गुन्हा दाखल झाल्यापाशी संपतात. पैसे परत मिळणार की नाही हे मात्र बरेचसे त्याच्याही आधी, पहिल्या काही तासांत बँकेकडे काय नोंद झाली यावर ठरून जाते. त्या नोंदीत काय असावे हे ग्राहकाला कोणी सांगत नाही आणि शाखेत जे सांगितले जाते ते पुष्कळदा अर्धवट असते. म्हणून हे सविस्तर पत्र.

‘ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातातच कसे?’ काउंटरवर पहिला प्रश्न हाच येतो आणि ग्राहक तिथेच वरमतो. पैसे जातात. भारतातल्या संकेतस्थळांवर ओटीपी लागतो, पण परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर 16 आकडी क्रमांक, मुदतीचा महिना-वर्ष आणि कार्डामागचे तीन आकडे (सीव्हीव्ही) एवढ्यावर खरेदी होते. क्रमांक चोरावाच लागतो असेही नाही. पहिले सहा किंवा आठ आकडे बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात, ते हजारो कार्डांवर सारखेच. शेवटचा आकडा आधीच्या पंधरांवरून गणिताने निघतो. मधले आकडे संगणक भरतो. मुदत पाच वर्षांची धरली तर महिने 60 आणि मागच्या तीन आकड्यांच्या शक्यता 1000, म्हणजे एका क्रमांकामागे जास्तीत जास्त 60 हजार जोड्या. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर थोड्या थोड्या वाटून त्या तपासणे यंत्राला अवघड नाही. कपाटात ठेवलेल्या, एकदाही न वापरलेल्या कार्डावर परदेशी खरेदी दिसते ती यामुळेही. कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेल्या हल्ल्यात तर बनावट डेबिट कार्डे 28 देशांतल्या एटीएममध्ये चालली. त्या कार्डांच्या मूळ मालकांनी कोणालाही ओटीपी दिलेला नव्हता.

मोठी रक्कम काढण्याआधी चोर बहुधा कार्ड चालते का ते पाहतो. एक डॉलर, कधी त्याहूनही कमी. रात्री दोन-अडीचला आलेला 80-90 रुपयांचा एसएमएस सकाळी ‘कसलेतरी ॲप असेल’ म्हणून पुसला जातो आणि दुपारी 60 हजार जातात. अनोळखी व्यापाऱ्याच्या नावाने पाच रुपये गेले तरी कार्ड त्याच मिनिटाला बंद करावे.

आता खरी चूक कुठे होते ते सांगतो. कार्ड बंद करणे ही एक नोंद आणि ‘हा व्यवहार माझा नाही’ असे कळवणे ही दुसरी नोंद. ग्राहक कॉल सेंटरला फोन करतो, पलीकडून ‘कार्ड ब्लॉक केले आहे’ असे उत्तर येते आणि त्याला वाटते की तक्रार झाली. प्रत्यक्षात व्यवहाराबद्दलची तक्रार, म्हणजे डिस्प्यूट, नोंदलेलीच नसते. आठ-दहा दिवसांनी तो शाखेत जातो तेव्हा मुदत उलटलेली असते. म्हणून त्याच फोनवर दोन क्रमांक मागावेत, एक ब्लॉकचा आणि एक डिस्प्यूटचा. बँकेत नोंदवलेल्या आपल्या ई-मेलवरून लगेच तेच लेखी कळवावे. ॲपमधले ‘तात्पुरते बंद’चे बटण आधी दाबावे, पण तेवढ्यावर थांबू नये. कार्ड कायमचे रद्द करून नव्या क्रमांकाचे घ्यावे. कॉल सेंटरचा नंबर इंटरनेटवर शोधू नये, तिथे ठगांनी पेरलेले नंबर असतात. कार्डाच्या मागे छापलेला किंवा पासबुकावरचा नंबर घ्यावा. संकेतस्थळ उघडायचे तर पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे ना, ते पाहावे.

मुदतीचा हिशेब रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ठरवून दिला. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने कधीही कळवले तरी त्याची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, कुठेतरी तिसरीकडे माहिती फुटली, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्यच. सूचना मिळाली तो दिवस मोजायचा नाही आणि कामकाजाचे दिवस आपल्या मूळ शाखेचे धरायचे. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर ग्राहकाच्या अंगावर येणाऱ्या रकमेला कमाल मर्यादा आहे. मूलभूत बचत खात्याला 5 हजार, इतर बचत खात्यांना आणि 5 लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला 10 हजार, त्याहून मोठ्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला 25 हजार रुपये. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळे अवलंबून. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणूनच कळवल्याची वेळ, मिनिटापर्यंत, हातात कागदावर हवी.

याच परिपत्रकातल्या तीन गोष्टी शाखेत क्वचितच सांगितल्या जातात. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आहे. 90 दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा आहे. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ‘आमच्या सिस्टिममध्ये ओटीपी बरोबर पडल्याचे दिसते’ हा ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा पुरावा होत नाही. ओटीपी मोबाइलमधल्या घातक ॲपने परस्पर पळवलेला असू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये याच परिपत्रकाच्या आधारे 76 लाखांहून अधिक रक्कम ग्राहकाला परत करण्याचा आदेश दिला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 94 हजारांच्या एका प्रकरणात बँकेचे अपील फेटाळले. त्या ग्राहकाने 24 तासांच्या आत कळवले होते, हे इथे महत्त्वाचे.

एफआयआरची प्रत आणा, मग फॉर्म घेतो, असे अनेक ठिकाणी सांगतात. परिपत्रकात तशी अट नाही. पोलिसांकडे जायचेच आहे, पण बँकेची नोंद त्यासाठी अडवून धरता येत नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करताना खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, वेळ आणि 12 आकडी व्यवहार क्रमांक समोर ठेवावा. नोंद झाली की पोचक्रमांक मिळतो, तो घेऊन राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील पूर्ण करावा. पैसे देशातल्या दुसऱ्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये पडून असतील तर ते गोठवता येतात, आणि ही संधी थोड्या तासांचीच असते. परदेशी खरेदीत मात्र 1930 चा उपयोग कमी. तिथे व्हिसा, मास्टरकार्ड यांच्या यंत्रणेतून बँकेने चार्जबॅक, म्हणजे व्यापाऱ्याकडून रक्कम परत, मागायचा असतो. चार्जबॅक फेटाळला गेला की बँक हात वर करते. पण तो बँक आणि व्यापारी यांच्यातला मामला आहे, त्याने रिझर्व्ह बँकेने ठरवलेली ग्राहकाची मर्यादा वाढत नाही.

तक्रारीतले शब्द जपून वापरावेत. घाबरलेला माणूस ‘माझ्या हातून चूक झाली’, ‘माझी फसवणूक झाली’ असे लिहितो आणि तेच वाक्य पुढे त्याच्या विरोधात काढले जाते. खोटे अजिबात लिहू नये, ओटीपी सांगितला असेल तर तसेच लिहावे. दिलेला नसेल तर मोघम न राहता साधारण असे लिहावे: ‘माझ्या खात्यातून अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक व्यापाऱ्याच्या नावे अमुक रुपये गेले. हा व्यवहार मी केलेला नाही व त्यास संमती दिलेली नाही. कार्ड माझ्याच ताब्यात आहे. पिन, ओटीपी, सीव्हीव्ही मी कोणास दिलेला नाही. व्यवहाराचा एसएमएस मला अमुक वेळी मिळाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत जमा करावी.’ एसएमएसचा स्क्रीनशॉट जोडावा. शाखेत दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्यावी. नुसता शिक्का पुरत नाही.

क्रेडिट कार्डधारक रागाने पूर्ण बिलच भरत नाहीत. तसे करू नये. वादातली रक्कम वजा करून उरलेले मुदतीत भरावे, नाहीतर विलंबशुल्क आणि सिबिलचा फटका वेगळाच. आणि वादातली रक्कम हप्त्यांत पाडून देण्याची ऑफर आली तर ती घेऊ नये, व्यवहार मान्य केल्यासारखे होते.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहिती 14448 वर मिळते.

सावधगिरीबद्दल एकच सांगतो, कारण बाकीचे सगळीकडे छापून येते. ऑक्टोबर 2020 पासून प्रत्येक कार्डाचा ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारा वापर ॲपमधून किंवा एटीएममधून चालू-बंद करता येतो. परदेशी वापर आजच बंद करावा, प्रवासापुरता उघडावा. वरच्या 60 हजार जोड्या मग कितीही बरोबर जुळल्या तरी परदेशी व्यवहार पुढे जात नाही.

बँकांकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. त्या 2017 च्या परिपत्रकात व्यवहाराच्या एसएमएसला तिथल्या तिथे उत्तर पाठवून हरकत नोंदवण्याची सोय द्यायला सांगितले आहे. आजही बहुतेक बँकांचे एसएमएस अशा अक्षरी नावाने येतात की त्यांना उत्तर जातच नाही. सत्तरीतल्या पेन्शनरला ॲप उघडून मेनू शोधण्यापेक्षा ‘नाही’ एवढे टाइप करणे कितीतरी सोपे आहे, ती सोय सुरू व्हावी. आणि तीन दिवस, सात दिवस, दहा दिवस, 90 दिवस हा तक्ता प्रत्येक शाखेत, पासबुक छापण्याच्या यंत्राशेजारी, ठळक मराठीत लावावा. व्याजदरांचा फलक लागतोच, त्याच्या खाली जागा असते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे